मास्तरीणबाईंचा डावा हात

मी एक जुनी कात्री आहे, आणि तीही डाव्या हाताची. मित्रांनो, माझी पाती उलट्या बाजूने बसवलेली आहेत. उजव्या हाताने मला कुणी चालवू गेलं तर कापड कापलं जात नाही, नुसतं पात्यांमध्ये दुमडतं. त्यामुळे आयुष्यभर मी एकाच बाईच्या हातात राहिले. ही हकिगत खरं तर तिचीच आहे. माझी त्यात येईल तेवढीच.

ज्या लोहाराने मला घडवलं, त्याने आधी दोनदा नकार दिला होता. बाईने नेली नाही तर असली कात्री घेणार कोण, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या खेपेला बाईने त्याच्याच दुकानातली साधी कात्री डाव्या हातात घेतली आणि एक चिंधी कापून दाखवली. चिंधीचे हाल पाहून लोहाराला हसू आवरेना. त्याने भट्टी पेटवली आणि चार दिवसांत मी तयार झाले.

बाई कपडे शिवायची. मुलांचे गणवेश, फ्रॉक, बाळांची झबली. शिंप्याला मास्तर म्हणतात, म्हणून सगळी आळी तिला मास्तरीणबाई म्हणे. तिचा नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा. तो तापाचं निमित्त होऊन अचानक गेला. मूलबाळ नव्हतं. घरात राहिल्या दोघी, मास्तरीणबाई आणि तिची नणंद. नणंद मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, लग्न केलेलं नव्हतं. नणंद मास्तरीणबाईला 'वहिनी' म्हणे आणि मास्तरीणबाई नणंदेला 'वन्सं'. मीही तुम्हाला त्यांच्याबद्दल तसंच सांगते.

घरात मोठं टेबल एकच. एका टोकाला वहिनी कापड बेतायची, दुसऱ्या टोकाला वन्सं वह्या तपासायच्या. एकदा एक वही कापडाखाली सरकली आणि बाहीबरोबर कुणा मुलीचा भागाकारही माझ्याकडून कापला गेला. वन्संनी उरलेल्या अर्ध्या गणिताला पूर्ण गुण दिले. त्यावर दोघी कितीतरी दिवस हसत होत्या. फार बोलक्या नव्हत्या त्या, पण एकमेकींच्या आधाराने त्यांचं बरं चाललं होतं.

मग वहिनीच्या डाव्या डोळ्याची पापणी उतरू लागली. दुपार कलली की पापणी अर्ध्यावर यायची. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, मास्तरीणबाई, डोळा कुणाला मारता? वहिनीही हसून सोडून द्यायची. पुढे तिला खडूची एक रेघ दोन दिसू लागली. एका फ्रॉकची बाही तिने नसलेल्याच रेघेवरून कापली. त्यानंतर हात गळू लागला. सकाळी पहिला गणवेश ती झरझर कापायची, तिसऱ्याला सावकाश, आणि पाचव्याला तिची बोटं आपोआप उघडायची. मी जमिनीवर पडायचे. एकदा माझं टोक वाकलं, तेव्हा तिने मला पदराने पुसलं आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू चूक माझी होती की तिची, हे तिला ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती ठणठणीत असायची. घात झाला तो त्यानेच.

शाळा उघडायच्या दिवसांत गणवेशांचा ढीग पडला होता. वन्सं शाळेतून आल्या तर वहिनी टेबलावर डोकं टेकून बसलेली. दिवसभराच्या वर्गांनी वन्संही शिणल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, सकाळी तुम्ही धडधाकट असता. काम दिसलं की बरे हात गळतात. लोक काम द्यायचं बंद करतील."

वहिनीने डोकं उचलून पुढचा गणवेश ओढला. त्या दिवसापासून तिने लपवायला सुरुवात केली. वन्सं यायच्या आत ती तोंडावर पाणी मारून मशीनवर बसायची. जेवायला हाक मारली की म्हणायची, माझं मघाशीच झालं. तिचा आवाज संध्याकाळी नाकातून यायचा, म्हणून ती संध्याकाळी बोलेनाशी झाली. वन्संना वाटलं, रुसली आहे. त्यांनीही अबोला धरला. अशी तीन वर्षं गेली, मित्रांनो. टेबलाच्या दोन टोकांना दोघी बसायच्या आणि मधे मी.

एके दिवशी शाळा लवकर सुटली. वन्सं दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. वहिनी एकटी जेवत होती. घास तोंडात होता आणि डाव्या हाताने ती स्वतःचा जबडा वर ढकलत होती. वर ढकलायची, खाली सोडायची. चावायला जबड्यात बळच उरलं नव्हतं. ताटातलं अन्न केव्हाचं गार झालं होतं.

वन्सं चपला न काढताच तिच्यासमोर येऊन बसल्या. कधीपासून, एवढंच त्यांनी विचारलं. वहिनीने सांगितलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि ते गार ताट उचलून अन्न गरम करायला नेलं.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवणं सुरू झालं. आळीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि ताकदीचं औषध दिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. हाडांच्या डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला. तो पट्टा घालून वहिनी कापड बेतायला बसली की तिला खडूची रेघच दिसायची नाही. सगळीकडे नंबर सकाळचा. वहिनी रात्रीची झोप घेऊन, बाकावर तासभर निवांत बसून आत जायची. डॉक्टर म्हणायचे, माझी बोटं दाबा. ती अशी दाबायची की डॉक्टर हात झटकायचे. मनाच्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की नवरा गेल्याचं दुःख आत साचलं आहे. त्यांनी दिलेल्या झोपेच्या गोळ्यांनी वहिनी आणखीच गळाली.

अशी आणखी अडीच वर्षं गेली. एका संध्याकाळी पट्टा काढून ठेवता ठेवता तिने विचारलं, "वन्सं, खरंच माझ्या मनाचे खेळ असतील का हो?"

वन्सं उठल्या, त्यांनी चौकटींची वही घेतली आणि एक जुनी चादर टेबलावर पसरली. म्हणाल्या, "उद्यापासून आपण मोजू. मला आकड्यांवाचून काही कळत नाही."

आणि मग माझं एक नवंच काम सुरू झालं. वहिनी मला घेऊन चादर कापायची आणि वन्सं मोजायच्या. सकाळी चाळीस काप झाल्यावर बोटं उघडली. शाळेतून आल्यावर अठरा. दिवेलागणीला सहा. वन्संना वाटलं, दुखणं घड्याळावर चालतं. पण एका रविवारी वहिनी दिवसभर पडून होती, तर दिवेलागणीला चौतीस झाले. हात वापरला की बळ सरतं आणि विसावा दिला की परत येतं, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. महिनाभर दोघींनी हेच केलं. चादरीच्या चिंध्या झाल्या, पण टेबलाच्या दोन टोकांना बसलेल्या त्या दोघी एका बाजूला आल्या.

ती वही, मला आणि एक कापडाचा तुकडा पिशवीत घालून वन्सं तिला मोठ्या रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथल्या मज्जातंतूंच्या डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी वहीची पानं उलटली, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मग म्हणाल्या, "कापा, मी बघते."

वहिनीने कापायला सुरुवात केली. वन्संचे ओठ मोजताना हलत होते. एकतिसाव्या कापाला बोटं उघडली आणि मी टेबलावर आपटले. डॉक्टरांनी तिला छताकडे पाहत राहायला सांगितलं. मिनिट भरायच्या आत दोन्ही पापण्या पडद्यासारख्या खाली आल्या. त्यांनी बर्फ मागवला, हातमोज्यात भरून डाव्या पापणीवर दोन मिनिटं धरला. बर्फ काढला तर पापणी वर आलेली होती.

रक्ताच्या आणि नसांच्या तपासण्या करायच्या आहेत, पण मला फारशी शंका वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही, असा हा आजार. मायस्थेनिया त्याचं नाव. तो ताब्यात ठेवता येतो, पण लहरी असतो, जपावं लागतं.

वहिनी डॉक्टरांकडे पाहत नव्हती. वन्संकडे वळून ती म्हणाली, "म्हणजे मी ढोंग करत नव्हते ना?"

इतकी वर्षं झाली, पण त्या वेळचा वन्संचा चेहरा मला आठवू नये असंच वाटतं. त्यांनी फक्त वहिनीचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बाहेर पुढच्या नंबरचा पुकारा झाला तरी त्यांना उठता येईना.

गोळ्या घड्याळ लावून सुरू झाल्या. पहिल्याच आठवड्यात वहिनीने समोर बसून सगळं जेवण स्वतः चावून खाल्लं, आणि वन्सं तिचं ताट रिकामं होईपर्यंत जेवायच्याच विसरल्या. वहिनी दिवसाला एखादं झबलं शिवू लागली. दीड वर्ष बरं गेलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तिला छातीचा ताप आला. श्वासाचे स्नायूही अखेर स्नायूच, तेही थकले. त्या दोघी घाईने रुग्णालयात गेल्या आणि मी टेबलावर अर्ध्या बेतलेल्या झबल्यावर तशीच पडून राहिले. नवव्या दिवशी दुपारी वन्सं एकट्या परत आल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली. शेजारीण धावत आली, तिला त्या इतकंच म्हणाल्या की डॉक्टरांना मी विचारलं, सहा वर्षं आधी कळलं असतं तर वाचली असती का. डॉक्टर म्हणाल्या, खरं सांगायचं तर सांगता येणार नाही.

नंतर मी बरीच वर्षं खणात पडून होते. पात्यांवर गंज चढला. धार लावणारा दारावरून गेला तरी मला कुणी बाहेर काढलं नाही. वन्संचा दोष नाही त्यात. मला हातात घेणं त्यांना जड जात असावं.

मागच्या महिन्यात मात्र त्यांनी खण उघडला. आळीतल्या एका सुताराची बायको चालताना तोल जाऊन पडते आणि कारण कुणालाच सापडत नाही. ती वन्संच्या शेजारी बसून रडत होती, सगळे मला आळशी म्हणतात म्हणून. वन्संनी खणातून कोरी वही काढली. माझ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि तिला विचारलं, कधी होतं, कशाने वाढतं, सांग बघू, मी लिहून घेते. आता त्या रजा टाकून तिच्याबरोबर जातात. दोन डॉक्टर झाले. अजून उलगडा नाही.

मित्रांनो, माझी धार गेली तर बोट लावून कुणालाही कळतं. माणसाचं बळ गेलं तर तसं कळत नाही. घरातलं कुणी 'मला होत नाही' म्हणालं, तर त्याचा सकाळचा हसरा चेहरा पाहून निकाल देऊ नका. त्याच्यासमोर बसा. तो जेवतो कसा, थकतो केव्हा, गप्प का झाला, ते पाहा. उत्तर लवकर मिळेल असं नाही. पण तोवर त्याला खोटं ठरवू नका. माझ्या वहिनीला आजाराने उरू दिलं नाही, हे खरं आहे. पण ती तीन वर्षं एकटी जेवली, ते आजारामुळे नव्हतं.