पान स्वच्छ, पण

बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागची वाळुंजाची झाडं आम्ही दोघांनी लावली होती. जमिनीत मुरलेलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ करायचं विषारी रसायन, मुळांनी ओढून घ्यायचं आणि झाडाने आत मोडून टाकायचं, असा बेत होता. नवरा गेला, झाडं वाढली. आता मालकाला जागा हवी होती. झाडं काम करतात हे दाखवता आलं नाही, तर ती तोडली जाणार होती.

पानांच्या तपासणीत सॉल्व्हंटचा मागमूस नव्हता.

"झालं तर मॅडम! अहवाल पाठवा," प्रयोगशाळेतला सहकारी म्हणाला.

पण नवरा नेहमी म्हणायचा, "अगं, पान स्वच्छ म्हणजे पोट साफ नव्हे." झाड विष पचवतं, तसंच कधी न पचवता पानांवाटे हवेत सोडूनही देतं. पान दोन्ही वेळा स्वच्छच दिसतं.

त्या दुपारी मी कुंपणाच्या भिंतीलगतच्या झाडाच्या फांदीवर पारदर्शक पिशवी चढवली. तिचं तोंड बांधायच्या दोरीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. ते दातात धरलं आणि गाठ मारली.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला.

"वहिनी, जेवलीस का?"

"हो गं."

"खरं सांगू? दादाचं जाणं तू छान पचवलंस. आम्हीच अजून रडत बसतो. त्याचे शर्ट दिलेस ना कुणाला?"

"कधीच दिले."

शर्ट कपाटात होते. परवाच इस्त्री केले होते.

पिशवीतल्या हवेत सॉल्व्हंट सापडलं. मग पानांत मी त्याचे मोडलेले अंश शोधले, तेही सापडले, भरपूर. बरंचसं पचत होतं, थोडं तसंच बाहेर पडत होतं. मी दोन्ही लिहिलं.

"पिशवीचं कशाला?" सहकारी वैतागला. "हाताने पायावर धोंडा मारून घेताय."

झाडं राहिली. फक्त भिंतीलगतची रांग तोडायचं ठरलं, कारण पलीकडे घरं होती. आमचं पहिलं रोप त्याच रांगेत होतं.

करवत थांबल्यावर मी बुंध्यापाशी गेले. कापलेला भाग ओला होता. भुसा चपलांना चिकटत होता. तिथूनच नणंदेला फोन लावला.

"तुझ्या दादाचे शर्ट मी कुणालाही दिलेले नाहीत."



"तो चौकड्यांचासुद्धा?" तिने विचारलं.

"तोसुद्धा."