म्हातारी बसून राहते

"म्हातारी मरत नाही, हाच तर त्रास आहे," डॉक्टर म्हणाले, आणि दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या काशीने मान वर केली.

बदलापूरच्या त्या दवाखान्यात एसीचा आवाज मोठा आणि डॉक्टरांचा बारीक. त्यात काशीचा एक कान कधीचाच गेलेला. विषय तिच्या सुनेच्या दुखण्याचा होता. विनिताच्या छातीतली गाठ काढली, केमो झाली, केसही परत आले, आणि आता त्याच जागी पुन्हा गाठ. "सगळं मारलं होतं ना सर? मग आली कुठून?" असं काशीच्या मुलाने, अल्पेशने विचारलं होतं.

"औषधाने सगळ्या पेशी मरत नाहीत. काही म्हाताऱ्या होतात. वाढायच्या थांबतात, पण जात नाहीत. बसल्या जागी काहीबाही सोडत राहतात, त्याने आजूबाजूला सूज येते. त्या सुजेवर शेजारची एखादी वाईट पेशी पोसते."

काशीच्या कानात शिरलं ते एवढंच, की म्हातारी मरत नाही, बसून राहते आणि शेजारचं नासवते. घरात तिला सगळे म्हातारीच म्हणत. ती उठली आणि बाहेर चपलांपाशी जाऊन उभी राहिली. "या पेशी नुसत्या वाईट नसतात हं. जखम भरून यायलाही त्यांची मदत होते. आणि यांच्या गाठीचं कारण हेच, असंही मी छातीठोक सांगत नाही," हे डॉक्टरांचं पुढचं बोलणं आत राहिलेल्या दोघांनीच ऐकलं.

वांगणीजवळच्या आपल्या गावी परतल्यावर काशीने अंथरूण उचललं आणि विहिरीकडच्या मोटारीच्या खोलीत नेऊन टाकलं.

"आई, हे काय नवीन?" विनिताने विचारलं.

"डाक्तर बोलला ना, म्हातारीमुलं शेजारी बिघडतंय. मी इथंच बरी."

अल्पेशला हसूच फुटलं. सांगायला किती वेळ लागला असता? पण त्याची नजर आईच्या रिकाम्या खोलीवर गेली. खिडकी होती, वारा होता, संडास लागून होता. "राहू दे आज," तो बायकोला हळूच म्हणाला, "उद्या समजावतो." तो उद्या काही उजाडला नाही. आठवडाभरात त्या खोलीत विनितासाठी वरखाली होणारा पलंग आला, आणि मोटारीच्या खोलीत काशीसाठी पंखा. खोटं बोलायला लोक निदान कचरतात तरी. दुसऱ्याचा गैरसमज सोयीचा असला, की तो जपायला कोणी कचरत नाही.

विनिताला लाज वाटली. पण म्हातारीच्या खोकल्याविना तिला झोपही चांगली लागली. दोन वेळचं ताट लेक रिद्धी नेऊन देई. सुनेसाठी म्हातारीने केवढं मन मोठं केलं, असं गावात बायका बोलत, आणि अल्पेश मान डोलावून ऐकून घेई. काशी विहिरीकडेला चवळी लावी, दारात बसून शेंगा निवडी, आणि घराकडे बघत राही.

पुढे दुसऱ्यांदा केमो झाली. या वेळी डॉक्टरांनी समजावून सांगण्यात वेळ घालवला नाही. लिव्हरमध्ये गेलंय, एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी विनिता भिंतीला धरत धरत मोटारीच्या खोलीपर्यंत आली आणि खाटेच्या कडेला टेकली.

"आई, एक सांगायचं होतं. ते डॉक्टर तुमच्याबद्दल बोलत नव्हते. शरीरातल्या पेशींबद्दल बोलत होते. तुमच्यामुळे काही झालं नाही."

काशीच्या हातातली शेंग तेवढी मोडली.

"माना म्हाईत हाय. आपली घरोघर गोल्या वाटते ती आशाताई नाय का, अंजनी? तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितला."

विनिताने विचारलं, "मग घरात का नाही आलात?"

"कोन बोलवाला येतंय, ते बघत व्हते."

"मी आले ना आता."

"तू सांगाला आलीस," काशी म्हणाली. "बोलवाला नाय."

विनिताने तोंड उघडलं. 'चला' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या खोलीत आता तिचा पलंग होता, गोळ्यांचं टेबल होतं, आणि तिला खरंच फार दमायला झालं होतं. शब्द ओठांवर आला आणि तिथेच राहिला. इतक्यात घरातून अल्पेशने हाक मारली, "विनिता, औषधाची वेळ झाली!"

काशीने मांडीवरच्या शेंगा बाजूला सारल्या. सुनेच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि तिच्या पावलाने चालत घरापर्यंत आणलं. पायरीवर ओलं होतं, तिथे तिला जवळजवळ उचलूनच घेतलं. दारात अल्पेशने बायकोचा हात धरला. काशीने आपला हात सोडवला, पदराने कपाळ पुसलं आणि उंबरठ्याबाहेरूनच मागे वळली.