तात्यांचा अंगठा

बारामतीच्या वसतिगृहात फुकट जागा हवी तर ‘शिक्षणाने मी कशी बदलले’ यावर दोन पानं लिहायची होती. दहावीला ब्याण्णव टक्के होते, पण टक्के वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, असं आमचे विजयसिंह सर म्हणाले. माझी अडचण निराळीच होती. मी बदललेच नव्हते. पहिलीत बडबडी आणि वर्गात पहिली, दहावीतही तेच.

“तुम्ही मेंढरंवाले ना निकिता? मग घाल की ते. बाप अडाणी, शाळेला विरोध, तू मेंढरांमागं. मग शाळा भेटली नि उजेड पडला.”

खरं सांगायचं तर दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. मी पहिलीला बसले आणि पोरीची शाळा बुडू नये म्हणून तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अख्खा कळप विकला. सणसरला दुसऱ्याच्या उसाला पाणी धरायला लागले. माझ्याच पाटीवर माझ्यासोबत गिरवून ते लिहा-वाचायला शिकले. एवढं सगळं माहीत असून मी सरांचं ऐकलं. लिहिलंही झकास.

मजकूर खरा असल्याची पालकांची सही लागत होती. तात्या शाळेत आले, चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून दोन्ही पानं वाचली.

“मी आसा व्हतो व्हय गं?”

मग ते सरांकडं वळले.

“जागा मिळंल का पर, सर?”

“शंभर टक्के.”

तात्यांनी खिशातलं पेन काढलं. सरांनी घाईनं हात धरला. “सही नको हो! वर अडाणी लिहिलंय. तपासणारे काय म्हणतील?” आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं.

तात्यांनी पेनाला टोपण लावलं. “कसा लावायचा दावा जरा. सवय न्हाय ऱ्हायली.”

जागा मिळाली. निबंध वसतिगृहाच्या फलकावर लावलाय, खाली तात्यांचा अंगठा. मला लाज वाटते, मी तिकडून जातच नाही. तात्या मात्र भेटायला आले की आधी तिथं थांबतात आणि आल्यागेल्याला तो मोठ्यानं वाचून दाखवतात.

“आमच्या निकितानं लिव्हलंय,” म्हणतात.