तंबूतला हशा

छप्पन सालचा हिवाळा होता. धानाची मळणी आटोपली होती आणि देवरीच्या बाजारात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. चिचगडच्या रस्त्यावरच्या गावातून सुखराम बंडी जुंपून निघाला. बंडीत त्याची बायको देवकाबाई, धाकटी बहीण शामकला आणि दोस्त दुधराम होते. दुधरामनं हा भुताचा सिनेमा गोंदियात आधीच पाहिला होता.

"भूत नावालेच आहे जी," तो वाटभर सांगत होता. "मांजर पाहून पळते बापा!"

शामकला खिदळत होती, पण देवकाबाईला हसू येत नव्हतं. आठवड्यापूर्वी तिच्या शेजारची धुरपता सरपणाला गेली, ती परतलीच नाही. जंगलात तिचं फाटकं लुगडं तेवढं सापडलं. वाघ माणसं खायला लागला, असं सारे म्हणत होते.

"काऊन गप्प आहा वैनी?" दुधरामनं विचारलं. "तंबूत मी कनातीमागून येतो, तुमाले भेववतो."

तंबूत बाया कनातीला टेकून बसल्या, पुरुष दोरीपलीकडे. अंधार पडताच सिनेमा सुरू झाला. पडद्यावरच्या भुताचं मुंडकं हरवलं आणि ते धडावर मडकं ठेवून हिंडू लागलं. तंबू हशानं हादरला. शामकला पोट धरून हसत होती.

तेवढ्यात देवकाबाईच्या पाठीमागची कनात आत दबली. काहीतरी जड अंग घासत गेलं. मग कापडावर नखं ओढल्याचा आवाज आला.

"दुधरामभाऊ आला वं!" शामकला हसली.

"पुरे करा जी, दुधरामभाऊ," देवकाबाई म्हणाली.

"काय झालं वैनी?" दोरीपलीकडून आवाज आला. "मी इथंच आहो."

तो सुखरामशेजारी मांडी घालून शेंगा सोलत बसला होता.

कनातीच्या फटीतून सडक्या मांसाचा वास आला. देवकाबाई वाकून दोरीपाशी सरकली आणि नवऱ्याच्या कानाशी लागली. सुखराम ओरडणार, तोच तिनं त्याचं मनगट आवळलं.

"ओरडू नका जी. लोकं बाहेर पळतील, अंधारात त्याच्याच तोंडी जातील. पोरं पायाखाली चेंगरतील. खेळ चालूच ठेवाले सांगा."

सुखराम रांगत सिनेमाच्या मशीनपाशी गेला. तंबूवाल्या शेठनं ऐकलं आणि पेट्रोलचा डबा हलवून पाहिला. "पेट्रोल कम है भाई," तो पुटपुटला. तरी सिनेमा संपताच त्यानं पहिलं रीळ पुन्हा चढवलं. फुकटचा खेळ म्हणून लोकांनी शिट्ट्या मारल्या.

हशा उसळला की बाहेरची घासघास दूर जायची, ओसरला की जवळ यायची. देवकाबाई कान देऊन बसली होती. एकदा बाहेर साऱ्या बैलांच्या घंटा एकदम खणखणल्या. मग काहीतरी धपकन पडलं.

आणि पेट्रोल संपून मशीन घरघरत बंद पडलं.

गच्च अंधार झाला. कोणी हसेना, कोणी बोलेना. त्या शांततेत साऱ्यांनीच तो श्वास ऐकला. एक लेकरू रडायला लागलं.

देवकाबाई हसली. पहिल्यांदा तो आवाज हुंदक्यासारखाच निघाला.

"हास वं शामकला, हास! जोरानं हास!"

शामकला हसली. पलीकडून दुधरामनं कापऱ्या आवाजात भुताचं बोलणं म्हणायला सुरुवात केली, मडक्यातून बोलल्यासारखं. बाया हसल्या, मग पुरुष. का हसायचं ते आता प्रत्येकाला कळलं होतं. आयांनी लेकरं छातीशी दाबली आणि भरल्या डोळ्यांनी त्या हसत राहिल्या.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. शेवटी रायपूरच्या सडकेवरून लाकडाचा ट्रक आला. हा गलका ऐकून ड्रायव्हरनं दिवे तंबूकडे वळवले आणि भोंगा वाजवला. कनातीवर एक लांब सावली उमटली. ती दचकली नाही, पळाली नाही. सावकाश चालत निघून गेली.

माणूस एकही गेला नाही. सुखरामचा डावा बैल मात्र मान मोडून पडला होता.

तो वाघ पुढंही कोणाला सापडला नाही. सुखरामनं ओळखीच्या घरून बैल मागून आणला आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात बंडी गावाकडे निघाली. दुधराम सारखा मागं वळून पाहत होता. शामकला मात्र अजून हसत होती.

"बस झालं वं आता," देवकाबाई म्हणाली.

"हासू थांबून नाही राहिलं वैनी," शामकला हसता हसता म्हणाली. तिच्या डोळ्यांत भीती होती.

देवकाबाईनं तिला पोटाशी घट्ट धरलं. दोन्ही बाजूंनी जंगल दाट होत चाललं होतं.