डाव कोणाचा होता

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्या कॉलनीत प्रत्येक घराचं एक खातं रत्नाकाकूंच्या डोक्यात उघडलेलं असे. कोणी आपणहून फोन केला, कोणी दिवाळीला नुसता अंगठा पाठवला, कोणाकडे डबा भरून गेला नि कोणाकडून तो नुसताच घासून परत आला, सगळं तोंडपाठ. उल्हासकाका म्हणत, हिला सरकारनं ऑडिटला ठेवली असती तर देशाचं भलं झालं असतं, आणि दिवसभर बाहेर राहिली असती तर माझंही.

या सगळ्या खात्यांत एकच खातं कधी जुळत नसे, ते शेजारच्या मिसेस युन यांचं. पूर्वी कधीतरी रत्नाकाकूंनी त्यांना साबुदाण्याची खिचडी दिली, तर डबा तांदळाच्या शेवयांच्या कसल्याशा प्रकारानं भरून परत आला. रिकामा डबा परत करायचा नाही हा नियम नागपूरचा आहे अशी काकूंची समजूत होती. तो कोरियातही आहे हे कळल्यावर त्या आधी चकित झाल्या, मग ईर्ष्येला पेटल्या. तेव्हापासून तो डबा कुंपणावरून ये-जा करतो आहे आणि शेवटचं देणं कोणाचं, हे कोणालाच सांगता येत नाही. दोघींचंही इंग्रजी कामापुरतं, म्हणजे भांडायला पुरेल इतकं उत्तम.

म्हणूनच मार्चमधल्या एका सकाळी मिसेस युन दारात रिकाम्या हातांनी उभ्या दिसल्या, तेव्हा रत्नाकाकू समजल्या की काहीतरी मोठं घडलं आहे.

घडलं होतं ते असं. कोरियातल्या लढाईत ताटातूट झालेल्या इथल्या कोरियन कुटुंबांची अमेरिकी सरकारनं नोंद सुरू केली होती आणि मिसेस युन यांच्या मुलीनं, ग्रेसनं, आईचं नाव कधीच देऊन ठेवलं होतं. आता त्या सरकारी खात्याचा ईमेल आला होता. पलीकडे राहिलेल्या माणसासाठी निरोप बोलायचा, तो कॅमेऱ्यात घेतला जाईल, दहा मिनिटं मिळतील, आणि उत्तर कोरियाशी बोलणं होऊन वाट उघडली की तो पोचवण्याचा प्रयत्न होईल. निरोप एकदाच घेणार, पुन्हा नाही.

मिसेस युन यांचं वय चौऱ्याऐंशी, गाव केसाँग. लढाई सुरू झाली तेव्हा हे गाव दक्षिणेत होतं आणि थांबली तेव्हा उत्तरेत. घर जागचं हललं नाही, सीमाच त्याला ओलांडून खाली उतरली. ऐन हिवाळ्यात सैन्य जवळ आलं तेव्हा वडील मोठ्या मुलीला, म्हणजे मिसेस युनना, घेऊन निघाले, थोड्याच दिवसांत परत येऊ म्हणून. आजीला चालवत नव्हतं, म्हणून आई तिच्यापाशी थांबली आणि सहा वर्षांची धाकटी गुम-ही आईपाशी. त्यानंतर पंचाहत्तर वर्षांत ना पत्र, ना फोन. गुम-ही आहे की नाही हेही ठाऊक नाही. पण मिसेस युन तिच्याविषयी बोलत ते नेहमी 'आहे' म्हणूनच, आणि रत्नाकाकूंनी ते खोडायचा विचारही कधी केला नव्हता.

आता मात्र काकूंना घरात बसवेना. त्या पोळ्या लाटता लाटता कुंपणाशी जाऊन येत, परत तव्याशी येत. निरोप लिहून तयार आहे असं कळताच त्यांनी तो वाचून दाखवायला लावला. ग्रेसनं आईसाठी तो नीट टाइप केला होता: मी अमेरिकेत आहे, माझी तब्येत बरी आहे, माझे पती वारले, मुलगी डेंटिस्ट आहे, दोन नातवंडं आहेत, थोरला इंजिनिअर आहे, आमचं घर मोठं आहे, तू काळजी करू नकोस.

"हा निरोप आहे की लग्नाचा बायोडाटा?" काकूंनी विचारलं. "उंची आणि रंग तेवढा राहिला."

मिसेस युन यांना राग आला, पण खरा नाही. त्यांनाही तो मजकूर कोणा दुसऱ्याच बाईचा वाटत होता. सहा वर्षांच्या पोरीला डेंटिस्टचं काय, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग रत्नाकाकूंनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, की निघताना तुम्ही तिच्याशी शेवटचं काय बोललात.

"बोलले नाही," मिसेस युन म्हणाल्या. "भांडले."

त्या दुपारी खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर बसून दोघी बहिणी खडे खेळत होत्या. पाच खडे, एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे. आधी एकेक, मग दोन-दोन, मग एकदम तीन. रत्नाकाकूंनी मध्येच थांबवून सांगितलं की हे आमचे सागरगोटे, तुम्ही ते कधी नेलेत. गुम-ही तीनवर आली होती. तीन उचलताना तिचं बोट चौथ्या खड्याला लागलं. मिसेस युन म्हणाल्या, बाद. ती म्हणाली, लागलंच नाही, डाव माझाच. तेवढ्यात वडिलांनी हाक मारली, कोणीतरी अंगात कोट चढवला, आणि दारातून बाहेर पडेपर्यंत मागून ओरडणं चालू होतं, ओन्नी, म्हणजे ताई, डाव माझा आहे.

"आणि लागलं होतं का बोट?"

"लागलं होतं," मिसेस युन म्हणाल्या, जणू ही गोष्ट आज सकाळचीच.

रत्नाकाकूंचे डोळे चमकले. डाव अर्धा टाकून निघून जाणं हा गुन्हा किती मोठा, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांच्या लहानपणी गल्लीतली एक मुलगी डाव न देता आजोळी गेली, तर परतल्यावर आख्खी सुट्टी तिला कोणी खेळायला घेतलं नव्हतं.

त्यांनी लगेच आपलं मत दिलं. हेच बोला. घर नको, डेंटिस्ट नको. ती बाद होती, एवढंच ठणकावून सांगा. आणि पुराव्यादाखल त्यांनी स्वतःच्या बहिणीचं खातं उघडलं. नागपूरची सरला. तिला वर्षानुवर्षं काकू 'आम्ही सगळे मजेत' लिहीत, उत्तराला दोन जोडलेले हात येत, बस. मागच्या वर्षी काकूंनी लिहिलं की आईच्या भरल्या वांग्यात खोबरं कधी नसायचंच. चहा निवायच्या आत सरलाचे बोललेले तीन मेसेज आले, तिसऱ्यात तर तिला धाप लागली होती. त्यानंतर आठवडाभर रोज फोन.

"सगळं ठीक आहे म्हटलं की माणूस खातं बंद करतो," काकू म्हणाल्या. "काहीतरी बाकी ठेवा. बाकी असली की माणूस येतोच."

मिसेस युन हसल्या. मग त्यांनी आपली बोटं समोर धरून पाहिली. सांधे सुजलेले, करंगळी वाकडी.

ग्रेसला हे कळलं तेव्हा ती थेट काकूंच्या स्वयंपाकघरात आली. ती उद्धट नव्हती, घाबरलेली होती. आईला ही एकच संधी आहे, ती म्हणाली. मावशी नसेल आणि तिची मुलं हे बघतील, तर त्यांनी काय समजायचं? की अमेरिकेतल्या म्हातारीनं पंचाहत्तर वर्षांनी तोंड उघडलं ते त्यांच्या आईला लबाड म्हणायला? काकू अडल्या की चहा टाकत, तसा टाकला. ग्रेस गेल्यावर उल्हासकाका म्हणाले की मुलीचं बरोबर आहे. काकू म्हणाल्या की तेच तर.

पण दुसऱ्या दिवशी त्या टपालपेट्यांपाशी गेल्या. तिथं कॉलनीच्या असोसिएशननं शोभेचे गुळगुळीत खडे पसरले होते. काकूंनी एकसारखे पाच निवडले, साबणानं धुतले आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकले. कशाला, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

निरोप घ्यायची जागा फोर्ट लीजवळच्या एका कोरियन चर्चचा हॉल होती. ग्रेस गाडी चालवत होती, मागं मिसेस युन आणि काकू. मिसेस युन यांनी मोतिया रंगाचा सूट घातला होता आणि टर्नपाइकचा हमरस्ता संपेपर्यंत त्या ओठ हलवून पाठांतर करत होत्या. काकूंना दहावीच्या परीक्षेला मुलगी सोडायला निघाल्यासारखं वाटत होतं; त्यांनी दोनदा पाणी विचारलं, एकदा गोळी घेतली का ते विचारलं.

हॉलमध्ये टेबल, खुर्ची, कॅमेरा आणि डॅनिएल नावाचा खात्यातला तरुण. तो स्वच्छ कोरियन बोलत होता. त्यानं स्पष्ट सांगून टाकलं की पोचेलच असं वचन कोणी देऊ शकत नाही, आणि दहा मिनिटांनी तो हात वर करेल.

मिसेस युन वाचू लागल्या. काकूंना शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता; विमानतळावर गेट बदलल्याचं सांगतात तसा. नातवंडांपाशी आल्यावर तो सूरही अडखळला. मिसेस युन थांबल्या. कागदाकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा चालूच होता. ग्रेस अर्धी उठली.

"रत्ना," मिसेस युन इंग्रजीत म्हणाल्या, मान न वळवता. "आणले आहेस ना?"

म्हणजे न सांगताही खडे येणार हे ओळखून या बाईनंही काकूंचं खातं बरोबर मांडून ठेवलं होतं तर. काकूंनी पर्स उघडली, चटकन टेबलाशी जाऊन पाच खडे ठेवले आणि चित्रात येऊ नये म्हणून वाकूनच मागं सरकल्या. खड्यांचा आवाज ऐकून डॅनिएलचा चेहरा बदलला. त्याची आजीही खेळत असावी. त्यानं न विचारताच कॅमेरा खाली, हातांवर वळवला.

पहिला खडा उडाला आणि टेबलावरून घरंगळला. ग्रेसनं तो उचलून दिला. दुसऱ्यांदा झेलला. मग एकेक, चारही. मग दोन-दोन. वाकडी करंगळी बाजूला धरून तो हात असा झपाझप चालू लागला की काकूंनी आपली ओढणी दोन्ही मुठींत पिळून धरली. मिसेस युन आता वाचत नव्हत्या, बोलत होत्या. भरभर, वरच्या पट्टीत, मध्येच दटावत. ग्रेस ऐकता ऐकता हसू लागली, डोळे पुसत हसू लागली, आणि काकूंच्या कानाशी तुकडे तुकडे सांगू लागली. जमीन गरम होती. आजी खोकत होती. तू आईचा निळा पट्टा बांधला होतास.

तीनची पाळी आली. मिसेस युन यांनी तीन खडे एकत्र आणि चौथा त्यांना जवळजवळ चिकटून मांडला. मग त्यावर बोट टेकवलं आणि थेट कॅमेऱ्यात बघत एक वाक्य म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" काकूंना राहवेना.

"म्हणतेय, इथं लागलं होतं. डाव माझा आहे. नसेल पटत तर येऊन सांग."

डॅनिएलनं हात वर केला. मिसेस युन यांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. आणखी काहीतरी पुटपुटत त्यांनी खडे ओंजळीत गोळा केले. ते मात्र ग्रेसनं भाषांतर करून सांगितलं नाही आणि काकूंनी, आयुष्यात पहिल्यांदाच, विचारलं नाही.

परतताना गाडीत सगळ्याच बडबडत होत्या. ग्रेस म्हणाली की मावशीची मुलं बघतील तर बघू देत, निदान त्यांची आई कशी खेळायची ते तरी त्यांना कळेल. मिसेस युन यांना ते आवडलं नाही. मुलं कशाला, त्या म्हणाल्या, ती स्वतःच बघेल. मग त्यांनी आपल्या पर्समधून खडे काढले, दोघींच्या मधल्या जागेत ग्रेसचा कोट सपाट पसरला आणि काकूंना सरसावून बसायला सांगितलं.

"ती रोज खेळत असणार," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताची सवय मोडली आहे. सराव पाहिजे. तू गुम-ही हो."

टर्नपाइकवर गाडी हलत होती. रत्नाकाकूंनी एकेक उचलले, दोन-दोन उचलले, तीनवर आल्या, आणि उचलताना त्यांचं बोट चौथ्या खड्याला लागलं. हे काकूंना कळलं, मिसेस युननाही कळलं.

"बाद."

"लागलंच नाही," रत्नाकाकू म्हणाल्या आणि खडे मुठीत घट्ट धरून बसल्या.