वावरातली कॅसेट

"सुभेदार, कॅसेट कुठाय?" नाथाजीनं रिमोट खाली ठेवत विचारलं.

"कंची?"

"लग्नाची. जिच्यावरनं ही सीडी करून आणली ती."

"ती व्हय? अर्जुनानं नेली की वावरात, पट्टी बांधून पाखरं हाकलाय. शाळवाच्या कणसांवर लय पडाय लागल्यात. तूच म्हनलास न्हवं, आता तिचं काय काम न्हाई म्हनून?"

म्हणाला होता खरा. समोरच्या डीव्हीडी प्लेअरवर हिरवी अक्षरं उमटली होती : नो डिस्क. डिस्क तर आतच होती.

उंब्रजात नाथाजीचं दुकान म्हणजे टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीची सात फुटांची टपरी. हातगाडीवर टीव्ही आणि भाड्याचा व्हीसीआर बांधून त्यानं एके काळी वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या होत्या. कॅसेटीची बुरशी पुसण्यात तर कराडपर्यंत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तेव्हा तो श्वाससुद्धा जपून घ्यायचा. बायको म्हणायची, "पोरांची नाकं कवा अशी पुसली न्हाईसा!" त्याचा एक नेम होता. नवा भाग चालल्याशिवाय जुना टाकायचा नाही, आणि चालला तरी जुना कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा.

वीस वर्षांत हा नेम त्यानं पहिल्यांदा मोडला, आणि तोही निव्वळ ऐटीपायी. सुभेदार लालासाहेबांचा वीरधवल जहाजावर नोकरीला. त्यानं सिंगापूरहून हे चकचकीत मशीन पाठवलं. आता कॅसेटी गेल्याच, आपणही मागे नाही, हे दाखवायला नाथाजी एस्टीनं सांगलीला गेला, स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर लग्नाची सीडी करून घेतली आणि सुभेदारांना कॅसेट परत देताना ते वाक्य बोलून बसला.

त्या लग्नाच्या कॅसेटीत सुभेदारांच्या पत्नी सुलाबाई होत्या. त्या जाऊन तीन वर्षं झाली. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. स्वतःच्या लग्नातही लाजून आत पळाल्या होत्या. 'आवं' आणि 'ऐकलं का' यांवर चौतीस वर्षांचा संसार निघाला. लेकीच्या, संयोगिताच्या लग्नात मात्र बायकांनी घेरून त्यांना उखाणा घ्यायला लावला. सुभेदार तेव्हा पंगतीत बुंदी वाढत होते. त्यांनी तो ऐकला तो कॅसेटीवरच.

नाथाजीनं सीडी धोतराच्या सोग्यानं पुसली, पुन्हा घातली. नो डिस्क. बाजारातली सिनेमाची सीडी घातली, तर ती लगेच नाचायला लागली. आपली मात्र चालेना.

तेवढ्यात अर्जुना आला. सुभेदारांच्या शेतावरचा जुना गडी. नाथाजीनं घाईनं विचारलं, "पट्टी अख्खी हाय का रं?"

"न्हाई वो. धा-धा हाताचं तुकडं करून मेखांना बांधलं. झ्याक वाजतंय वाऱ्यावर."

सुभेदार खुर्चीत बसले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "नाथाजी, तिचा आवाज हुता रं त्यात."

नाथाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला, सायकलवर टांग टाकली आणि टपरीतला त्याचा लहानसा सीडी प्लेअर घेऊन आला. त्याचं झाकण रबरानं बांधलेलं होतं. त्यावरच तो गिऱ्हाइकांच्या सीड्या तपासायचा. हीच तेवढी तपासायची राहिली होती.

त्यानं टीव्हीला तारा जोडल्या. प्लेअर घरघरला, अडकला. नाथाजीनं वरून दोन बोटं दाबून धरली. पडद्यावर मांडव आला, आणि मग पदर दातांत धरलेल्या सुलाबाई.

"मळ्यामदी ऊस, उसाला पाटाचं पानी, लालासाहेबांचं नाव घेते, लेक झाली दुसऱ्या घरची रानी."

बायका हसल्या. सुलाबाई आत पळाल्या.

"पुन्यांदा लाव," सुभेदार म्हणाले.

नाथाजीनं पुन्हा लावली. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा सुभेदार पुढे वाकले आणि पडद्याला म्हणाले, "हां, सुला. हाय मी हितं." त्यांनीही तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. नाथाजी उगीचच वायर नीट करत राहिला.

"बाजारची सीडी छापल्याली असती," थोड्या वेळानं तो म्हणाला. "ही कॉम्प्युटरवर जाळून लिवल्याली. तुमच्या भारी मशीनला ही वाचता येत न्हाई. माझं ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

"आन् तुझं दुकान?"

"बघू."

परतताना शाळवाजवळ तो सायकलवरून उतरला. काळ्या पट्ट्या उन्हात चमकत होत्या, वाऱ्यावर गुणगुणत होत्या. कोणत्या तुकड्यात काय होतं, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. त्यानं एक तुकडा सोडला, बोटांवर घडी घडी करून गुंडाळला, खिशातल्या कागदाची पुडी बांधली आणि सायकल मागे फिरवली.

"जुना भाग," तो सुभेदारांच्या हातात पुडी देत म्हणाला. "द्यायचा ऱ्हायला हुता."

सुभेदारांनी पुडी उघडली नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.