बायुओची बरोबर उत्तरं

आमचं अ‍ॅप सकाळी सुरू झालं आणि दुपारपर्यंत अख्ख्या वर्गाने भरलंसुद्धा! मला आणि माझी मैत्रीण न्हिरा हिला, दोघींना आकाश ठेंगणं झालं. गेल्या वर्षी आमच्या मेडिकलच्या वर्गातली एक मुलगी आतल्या आत खचली आणि कुणाला न सांगता गावी निघून गेली. पुन्हा असं कुणी हातचं जाऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप. झोप, भूक, भीती यांवर दहा प्रश्न, नाव द्यायचं नाही. बरं चाललंय त्याला हिरवी पट्टी, खचलेल्याला लाल. लाल आली की बोलायला एक सीनियर मिळणार.

न्हिराने निकाल उघडले. सगळे हिरवे. शरीरशास्त्राची परीक्षा तोंडावर, आणि कुमासी शहरातल्या आमच्या कॉलेजात एवढी सुखी माणसं? या आठवड्यात कशाने बरं वाटलं, या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच: पहाटेच्या फेरफटक्याने. आमच्या वसतिगृहात पहाटे फिरतात त्या फक्त कोंबड्या.

माझं टाळकंच सरकलं. हे पास्कोचं काम. पास्को म्हणजे जुन्या प्रश्नांची तयार उत्तरं. आमची मुलं एक वेळ जेवण सोडतील, पास्को सोडणार नाहीत. आणि ती काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकणार बायुओ, आमचा पहिला नंबर. त्याचं उत्तर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तो कँटीनमध्ये वाचेचं, म्हणजे चवळी-भाताचं, ताट घेऊन बसला होता, पण भाताला हात लावलेला नव्हता. मी त्याला मनसोक्त झापलं.

"पण कुठलं उत्तर बरोबर, हे तुला कळलं कसं?" न्हिराने विचारलं.

"आधी खरं लिहिलं," तो म्हणाला. "लाल आली. मग हिरवी येईपर्यंत बदलत बसलो. झीफा, मी आजवर कशात नापास झालो नाहीये गं."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी त्याच्या शेजारी बसले.

"अरे वेड्या, तुलाच तर शोधत होतो आम्ही."

त्याने फोन काढून वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, माझी उत्तरं चुकली, मला लाल आलीय, खरं भरा.

बायुओ चुकला, हे वर्गाने पहिल्यांदाच वाचलं. न्हिराच्या फोनवर एक लाल पट्टी आली. मग दुसरी, तिसरी, मग थांबेनातच! दुसऱ्याच्या दुःखावर नाचू नये म्हणतात. मी भर कँटीनमध्ये बाकावर चढून नाचले.

"खाली उतर, लोक बघतायत," बायुओ म्हणाला, आणि सीनियरला फोन लावायला उठला.